संस्थापकाची पकड आणि लहान उद्योगाची वाढ

गोदावरीच्या काठी वसलेले पुणतांबा हे अहिल्यानगर जिल्ह्यातील राहाता तालुक्याचे एक जुने गाव. योगी चांगदेवांच्या समाधीमुळे वारकरी संप्रदायात आणि दौंड-मनमाड लोहमार्गावरील स्थानकामुळे प्रवाशांत ते परिचित आहे. शिर्डीकडे जाणारा लोहमार्ग २००९ पासून येथूनच फुटतो. १ जून २०१७ रोजी सुरू झालेल्या शेतकरी संपाचे उगमस्थान म्हणूनही या गावाचे नाव देशभर गेले. त्या संपाच्या मागण्यांत शेतमालाचा भाव आणि कर्ज हे दोन विषय अग्रभागी होते. मात्र केवळ कच्चा माल पिकवून कुटुंबाचा निर्वाह होणार नाही, गावातच त्यावर प्रक्रिया व्हावी, त्याला जोडून लहानमोठे व्यवसाय उभे राहावेत, हा विचार या भागात त्याआधीपासून रुजलेला होता. कालव्याचे पाणी, लोहमार्ग आणि साखर कारखानदारीची परंपरा यांच्या संगमावर असलेल्या प्रदेशात तो रुजणे स्वाभाविकही होते.

अशा बाजारगावांतून फेरफटका मारला की एक गोष्ट लक्षात येते. पिठाची गिरणी असो, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार करणारे वेल्डिंगचे दुकान असो, दूध संकलन केंद्र असो की बी-बियाण्यांचे कृषी सेवा केंद्र, गल्ल्यावर बसणारा, मालाची खरेदी ठरविणारा, उधारी लक्षात ठेवणारा आणि रात्री कुलूप लावणारा माणूस एकच असतो. व्यवसाय त्यानेच उभा केलेला असतो. त्याच्या कष्टाविना तो उभा राहिला नसता, याविषयी शंका नाही. प्रश्न पुढचा आहे. ज्या हातांनी व्यवसाय उभा केला त्याच हातांत सारी सूत्रे राहिली, तर तो वाढतो की एका मर्यादेवर येऊन थांबतो?

एकहाती कारभाराचे बळ

या प्रश्नाची व्याप्ती किती मोठी आहे हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७३ व्या फेरीतील आकड्यांवरून कळते. २०१५-१६ या वर्षीच्या या पाहणीनुसार देशात सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची संख्या सुमारे ६ कोटी ३४ लाख होती आणि त्यांपैकी जवळजवळ ९६ टक्के उद्योग एकाच व्यक्तीच्या मालकीचे होते. भागीदारी, कंपनी, सहकारी संस्था, बचत गट, विश्वस्त संस्था हे सर्व प्रकार उरलेल्या चार टक्क्यांत सामावले. म्हणजे आपल्याकडे लहान उद्योग आणि संस्थापकाचा उद्योग हे जवळजवळ समानार्थी शब्द आहेत.

हे असे आहे याला कारणे आहेत आणि ती सबळ आहेत. सुरुवातीच्या काळात उद्योगाजवळ भांडवल थोडे आणि पत त्याहून थोडी असते. पोलादाचा व्यापारी माल उधार देतो तो दुकानाच्या नावावर देत नाही, माणसाच्या शब्दावर देतो. ग्राहकाची तक्रार सकाळी आली तर दुपारी निर्णय होतो, कारण कोणाला विचारायचे नसते. मालक स्वतः पैशापैशाचा हिशेब पाहत असल्याने उधळपट्टीला वाव मिळत नाही. मालक आणि व्यवस्थापक वेगळे असले म्हणजे दुसऱ्याच्या पैशाची काळजी पहिल्याइतकी घेतली जाईल की नाही, ही अर्थशास्त्रातील जुनी चिंता आहे. दोघे एकच असले की ती उरत नाही. मोठ्या कंपन्यांना लेखापरीक्षक, संचालक मंडळे आणि अंतर्गत तपासणी यांवर जो खर्च करावा लागतो, तो लहान मालकाचा वाचतो.

म्हणून संस्थापकाच्या पकडीकडे केवळ दोष म्हणून पाहणे अन्यायाचे होईल. पहिल्या दोन-तीन वर्षांत अनेक उद्योग टिकतात ते याच पकडीमुळे.

अडचण कोठे सुरू होते

ट्रॉल्या तयार करणाऱ्या एका दुकानाचे उदाहरण घेऊ. समजा तेथे पाच कारागीर आहेत आणि प्रत्येकाची रोजची मजुरी ६०० रुपये आहे. ट्रॉलीचे माप ठरविणे, ग्राहकाला किंमत सांगणे, पत्रा व अँगल आणणे आणि पैसे घेणे ही चार कामे फक्त मालक करतो. तालुक्याच्या गावी बँकेत, नातेवाइकाच्या लग्नात, दवाखान्यात किंवा मालखरेदीसाठी त्याचे महिन्यातून सहा दिवस बाहेर जातात. त्या दिवसांत हातातले काम असेपर्यंत कारागीर ते करतात, ते संपले की बसून राहतात. सहापैकी तीन दिवस जरी असे गेले, तरी ९,००० रुपयांची मजुरी वाया जाते. विचारणा करून परत गेलेले ग्राहक वेगळेच. आता दुकानात आणखी पाच कारागीर घेतले तर उत्पादन दुप्पट होईल का? होणार नाही. उत्पादनाची मर्यादा कारागिरांच्या संख्येने ठरत नसून मालकाच्या उपलब्ध तासांनी ठरते आहे. मालकाचा दिवस मात्र चोवीस तासांचाच राहतो.

कारागीर वाढवूनही नफा वाढत नाही असे दिसले की मालक बहुधा कारागिरांना दोष देतो आणि अधिकच बारकाईने लक्ष घालू लागतो. पकड घट्ट होते, वेळ आणखी कमी पडतो. याच ठिकाणी अनेक चांगले व्यवसाय वर्षानुवर्षे थबकलेले आढळतात.

दुसरी अडचण हिशेबाची आहे. सारे एकाच्या डोक्यात असले म्हणजे लिहून ठेवण्याची गरज भासत नाही. लिहिलेले नसल्यामुळे ते काम दुसऱ्यावर सोपवता येत नाही, आणि सोपवता येत नाही म्हणून लिहिण्याची सवय लागत नाही. बँकेकडे खेळत्या भांडवलासाठी अर्ज करण्याची वेळ येते तेव्हा घरखर्च आणि दुकानखर्च यांची सरमिसळ झालेली वही पुढे ठेवावी लागते. धंदा नफ्यात असूनही ते कागदावर दाखवता येत नाही.

तारापूरच्या गिरण्यांतील प्रयोग

या विषयावर आपल्याच देशात झालेला एक प्रयोग जगभरच्या अभ्यासकांनी उल्लेखिला आहे. मुंबईच्या उत्तरेस तारापूर व उंबरगाव या औद्योगिक क्षेत्रांतील सुती कापड विणणाऱ्या गिरण्यांत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून तो केला. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. १७ कंपन्यांच्या २८ गिरण्या या अभ्यासात होत्या. साऱ्या कंपन्या कुटुंबांच्या मालकीच्या होत्या. पुणतांब्याच्या दुकानाहून त्या कितीतरी मोठ्या असल्या तरी कारभाराची रीत फारशी निराळी नव्हती. सुताचा साठा नोंदविलेला नसे, यंत्रे बंद पडल्यावरच त्यांच्याकडे लक्ष जाई, कापडातील दोष कोठे व का उद्भवले याची नोंद ठेवली जात नसे.

यांपैकी काही गिरण्यांना सल्लागारांमार्फत पाच महिने प्रत्यक्ष साहाय्य देण्यात आले. नवी यंत्रे बसविली नाहीत. साठ्याची नोंद, यंत्रांची नियमित देखभाल, दोषांची रोजची तपासणी, प्रत्येकाचे काम ठरवून देणे अशा ३८ साध्या पद्धती शिकविल्या गेल्या. पहिल्या वर्षातच या गिरण्यांची उत्पादकता १७ टक्क्यांनी वाढली.

इतक्या साध्या गोष्टी या मालकांनी आधीच का केल्या नव्हत्या, हा खरा कुतूहलाचा प्रश्न होता. काही मालकांना त्यांची माहितीच नव्हती, तर काहींना आपल्या गिरणीत त्यांचा उपयोग होईल असे वाटत नव्हते. याहून महत्त्वाचा होता तो कंपन्यांच्या आकाराविषयीचा निष्कर्ष. कंपनी किती मोठी होणार हे तिचे व्यवस्थापन किती चांगले आहे यापेक्षा मालकाच्या कुटुंबात कर्ते पुरुष किती आहेत यावरून अधिक अचूक सांगता येत होते. तीन भाऊ असतील तर तीन गिरण्या, एकटा असेल तर एक. बाहेरच्या व्यवस्थापकावर खरेदीचा वा नेमणुकीचा अधिकार सोपविण्यास मालक धजत नव्हते. चोरीची भीती हे त्यामागील कारण होते, आणि चोरी झालीच तर न्यायालयातून दाद मिळण्यास लागणारा काळ पाहता ती भीती अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. घरातील मुली व सुना या गणतीत धरल्या जात नव्हत्या, ही गोष्टही येथे नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

नोंदी होऊ लागल्यावर मात्र एक बदल घडला. रोजच्या कागदावरून कोठे काय चालले आहे हे दिसू लागल्याने मालकांनी व्यवस्थापकांना आधीपेक्षा अधिक अधिकार दिले आणि त्यांच्यापैकी काहींनी नव्या गिरण्या काढल्या. विश्वास आधी आणि नोंद नंतर, असा आपला समज असतो. येथे क्रम उलटा निघाला.

सुमारे नऊ वर्षांनी अभ्यासक पुन्हा त्याच गिरण्यांत गेले तेव्हा शिकविलेल्या पद्धतींपैकी जवळजवळ निम्म्या सुटलेल्या आढळल्या. व्यवस्थापक बदलले होते आणि मालकांना वेळ नव्हता. तरीही साहाय्य न मिळालेल्या गिरण्यांच्या तुलनेत या गिरण्या अद्याप पुढे होत्या.

इतर देशांतील अनुभव

अमेरिकेत नोअम वॉसरमन यांनी ६,१३० नवोदित कंपन्यांच्या माहितीचा अभ्यास करून २०१७ मध्ये काढलेला निष्कर्ष असा की, मुख्याधिकाऱ्याचे पद आणि संचालक मंडळ यांवर संस्थापकाचे नियंत्रण जितके अधिक राहिले, तितके कंपनीचे मूल्य कमी भरले. नियंत्रणाच्या प्रत्येक पायरीमागे ही घट सरासरीने १७ ते २२ टक्के होती. अगदी नव्या कंपन्यांत हा परिणाम तितकासा दिसत नाही, कंपनीला तीन वर्षे होऊन गेल्यावर तो ठळक होतो. या कंपन्या बहुतांशी तंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील आणि बाहेरच्या गुंतवणूकदारांचे भांडवल घेतलेल्या होत्या. म्हणून तो आकडा जसाच्या तसा गावच्या गिरणीला लावणे योग्य नव्हे. पण संस्थापकाची पकड आरंभी उपकारक आणि पुढे अडसर ठरते, हे सूत्र तेथेही आढळावे हे लक्षणीय आहे.

संस्थापकानंतर काय होते, याचा शोध डेन्मार्कमधील अभ्यासकांनी घेतला. पाच हजारांहून अधिक कंपन्यांतील पदबदलांवर आधारलेला हा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. नवा प्रमुख कुटुंबातूनच आला असता कंपनीच्या मालमत्तेवरील नफ्याचे प्रमाण निदान चार टक्के-अंकांनी घसरले. याचा अर्थ मुलगा किंवा मुलगी अपात्रच असते असा नाही. निवड करताना उमेदवार एकच असेल तर ती निवड राहत नाही, एवढाच त्याचा आशय.

किर्लोस्करवाडी : कारखान्याची कंपनी

परदेशी आकडेवारीपेक्षा मराठी वाचकाला जवळची वाटावीत अशी दोन उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. पहिले लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे. बेळगावात सायकलींच्या दुकानापासून आरंभ करून कडबा कापण्याच्या यंत्रापर्यंत आणि लोखंडी नांगरापर्यंत पोचलेल्या या उद्योजकाला बेळगावातील जागा सोडावी लागली. औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ माळरान आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. १९१० साली तेथे किर्लोस्करवाडी वसली. नांगराचे आरेखन, ओतकाम, विक्री यांत लक्ष्मणरावांचा शब्द अखेरचा असे. परंतु कारभार बंधू रामूअण्णांकडे आणि यंत्रशाळेतील जबाबदाऱ्या शंभूअण्णा जांभेकर, अनंतराव फळणीकर यांच्यासारख्या सहकाऱ्यांकडे त्यांनी सोपविल्या होत्या. हे सहकारी पदवीधर नव्हते, कामात मुरलेले होते. १९२० मध्ये, म्हणजे अवघ्या दहा वर्षांत, या कारखान्याची मर्यादित कंपनी झाली. भागधारक आले, त्यांना हिशेब देणे आले. चिरंजीव शंतनुराव अमेरिकेतून शिकून परतले तेव्हा त्यांच्यापुढे केवळ वडिलांची मालमत्ता नव्हती. नियमांनी चालणारी एक संस्था उभी होती.

प्रवरेचा धडा

दुसरे उदाहरण पुणतांब्यापासून फार दूर नाही. लोणी येथील प्रवरा सहकारी साखर कारखान्याची कथा सहकाराच्या इतिहासात अनेकदा सांगितली गेली आहे, पण ती बहुधा त्यागाची आणि जिद्दीची कथा म्हणून सांगितली जाते. नियंत्रणाच्या प्रश्नाच्या दृष्टीने तिच्याकडे क्वचितच पाहिले जाते.

१९३२ मध्ये साखरेच्या आयातीवर संरक्षक जकात बसल्यानंतर नगर जिल्ह्यातील कालव्यांच्या पट्ट्यात खासगी साखर कारखाने उभे राहू लागले. हरेगावचा बेलापूर कंपनीचा कारखाना त्याही आधीचा. टिळकनगर, साकरवाडी, लक्ष्मीवाडी ही नावे त्याच कालखंडातील आणि पुणतांब्यालगतच्या चांगदेवनगरचा कारखानाही खासगी मालकीचाच. या कारखान्यांनी आपल्या उसासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी अल्प खंडाने दीर्घ मुदतीवर घेतल्या. शेतकरी आपल्याच जमिनीच्या बांधावर मजूर म्हणून उभा राहिला. ज्यांच्याजवळ ऊस होता ते गूळ करीत आणि गुळाचे भाव कोसळले की सावकाराच्या दारी जात.

विठ्ठलराव विखे पाटील यांनी १९२३ मध्ये लोणी बुद्रुक येथे पतपेढी स्थापन केली होती. प्रा. धनंजयराव गाडगीळ हे पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक. १९४५ साली बेलापूर रोड, म्हणजे आजचे श्रीरामपूर, येथे बागाईतदारांची परिषद भरली. गाडगीळ तिचे अध्यक्ष होते. शेतकऱ्यांनी स्वतःचा कारखाना काढावा या कल्पनेला तेथे चालना मिळाली. त्यानंतर विखे पाटील गावोगाव फिरले. चाळीस-पन्नास गावांतील शेतकऱ्यांकडून भाग गोळा करणे हे त्या काळी सोपे काम नव्हते. पैसे बुडतील ही शंका सार्वत्रिक होती आणि ती दूर करण्यासाठी विखे पाटलांच्या शब्दाखेरीज दुसरे तारण नव्हते. १९४८ च्या अखेरीस संस्था नोंदली गेली, १९५०-५१ च्या हंगामात गाळप सुरू झाले. शासनाचे भागभांडवल आणि औद्योगिक वित्त निगमाचे कर्ज यांचे साहाय्य झाले. सहकारमहर्षी वैकुंठभाई मेहता यांचा पाठिंबाही मोलाचा ठरला.

येथवर सारे संस्थापकाच्या पकडीचेच बळ. विखे पाटलांवाचून भागभांडवल जमले नसते. मग कारखान्याचे अध्यक्षपद कोणाकडे जावे? लोकभावना पाहता ते त्यांच्याकडेच जाते, आणि त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नव्हते. प्रत्यक्षात अध्यक्ष झाले गाडगीळ, आणि पहिली सुमारे दहा वर्षे, १९६० पर्यंत, ते त्या पदावर राहिले.

या निर्णयाचे महत्त्व कारखान्याच्या रोजच्या कामात दिसते. गाडगीळ लोणीचे नव्हते. त्यांचा ऊस कारखान्यात येत नव्हता आणि त्यांचे सोयरेधायरे सभासदांत नव्हते. उसाला भाव किती द्यावा, किती रक्कम घसाऱ्यासाठी आणि कर्जफेडीसाठी बाजूला काढावी, कोणाचा ऊस आधी तोडावा, हे प्रश्न दर हंगामात येतात. ऊस पिकविणाराच त्यांचा निर्णय करणार असेल, तर आजच्या भावाकडे ओढा आणि उद्याच्या यंत्राकडे दुर्लक्ष, असा कल होणे मनुष्यस्वभावाला धरून आहे. बाहेरचा, अभ्यासू आणि निःस्वार्थ अध्यक्ष हा अशा वेळी तराजूचा काटा ठरतो. कर्ज देणाऱ्या संस्थांनाही त्यामुळे भरवसा वाटला असल्यास नवल नाही. विखे पाटलांचे स्थान यामुळे उणे झाले नाही. सभासदांशी संपर्क, ऊस विकास, शिक्षण व आरोग्याच्या संस्थांची उभारणी यांसाठी त्यांना मोकळीक मिळाली. संस्थापकाचा अधिकार आणि संस्थेचा कारभार ही दोन निराळी कामे आहेत, हे त्यांनी ओळखले होते असेच म्हणावे लागते. विद्यापीठाची पायरी न चढलेल्या एका शेतकऱ्याला ते उमगले ही खरोखर विशेष गोष्ट होय.

एक सभासद एक मत हा सहकाराचा नियम संस्थापकाच्या पकडीवर कायद्याने घातलेला लगाम आहे. तो नेहमीच उपयोगी पडला असे मात्र नाही. सहकारी संस्थांतही एकाच घराण्याकडे पिढ्यान्पिढ्या सूत्रे राहिल्याची उदाहरणे राज्यात थोडीथोडकी नाहीत. त्यांपैकी काही संस्था उत्तम चालल्या, काही डबघाईला आल्या. नियम कागदावर असतो. तो वापरणारे सभासद सर्वसाधारण सभेत ताळेबंद वाचून प्रश्न विचारणारे असावे लागतात.

खासगी कारखान्यांचे पुढे काय झाले, हेही थोडक्यात सांगितले पाहिजे. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्यानंतर त्यांच्या अतिरिक्त जमिनी शासनाकडे आल्या आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र राज्य शेती महामंडळ स्थापन झाले. चांगदेवनगरचा कारखाना आज चालू नाही. त्याची कारणे अनेक आहेत आणि ती केवळ मालकीच्या प्रकारात शोधता येणार नाहीत. पण ज्या उद्योगाच्या नियंत्रणात परिसरातील लोकांचा वाटा नसतो, तो अडचणीत आला असता त्याला सावरण्यासाठी पुढे येणारे हातही थोडे असतात, हे या पट्ट्याने पाहिले आहे.

उत्पादक कंपनीतील एक कलम

सहकारी संस्था आणि खासगी कंपनी यांच्यामधला एक मार्ग २००२ च्या कायदादुरुस्तीने खुला झाला. निदान दहा शेतकरी एकत्र येऊन उत्पादक कंपनी स्थापन करू शकतात. भाग कितीही असले तरी व्यक्तिगत सभासदाला मत एकच. संचालक किमान ५ आणि सामान्यतः कमाल १५. या कायद्यातील एका तरतुदीकडे मात्र फारसे लक्ष दिले जात नाही. कंपनीला पूर्णवेळ मुख्य कार्यकारी अधिकारी नेमावाच लागतो आणि तो सभासदांपैकी असता कामा नये. प्रवरेत दोन थोर व्यक्तींच्या समजुतीतून जे घडले, त्याच्या जवळ जाणारी ही व्यवस्था कायद्याने बंधनकारक केली आहे.

व्यवहारात या कलमाची गाठ पैशापाशी अडते. नव्या कंपनीजवळ चांगल्या अधिकाऱ्याला वेतन देण्याइतका नफा नसतो. मग संस्थापक अध्यक्षच सारे पाहतो आणि अधिकारी हा पत्रव्यवहार सांभाळणारा कारकून होऊन बसतो. शासकीय योजनांतून पहिल्या काही वर्षांच्या वेतनासाठी मिळणारे साहाय्य नेमके याच कारणासाठी असते. ते संपण्याच्या आत अधिकाऱ्याला खरेदीचा, विक्रीचा आणि नेमणुकीचा ठरावीक मर्यादेपर्यंत अधिकार लेखी देणे, हे संचालक मंडळाचे काम आहे.

मालकाच्या पश्चात

एकट्याच्या मालकीचा धंदा कायद्याच्या दृष्टीने मालकाहून वेगळा नसतो. मालक गेला की धंद्याचे स्वतंत्र अस्तित्व राहत नाही. बँकेतील चालू खाते थांबते. वस्तू व सेवा कराची नोंदणी रद्द करून वारसाला स्वतःच्या नावे नवी नोंदणी घ्यावी लागते आणि शिल्लक करजमा विहित अर्जाद्वारे तिकडे वळती करावी लागते. खत वा बियाणे विक्रीसारखे परवाने त्या व्यक्तीच्या नावाचे असतात. ही कागदपत्रे पुरी होईपर्यंत हंगाम निघून जातो. भागीदारीतही, करारात वेगळी तरतूद नसेल तर, १९३२ च्या कायद्यानुसार एका भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी संपुष्टात येते. मर्यादित दायित्वाची भागीदारी आणि कंपनी यांना मात्र सभासदांच्या येण्याजाण्याने बाधा येत नाही. एकट्यानेच व्यवसाय करावयाचा असेल त्याच्यासाठी २०१३ च्या कायद्याने एकव्यक्ती कंपनीची सोय केली असून तिची नोंदणी करतानाच वारस नामनिर्देशित करावा लागतो.

वारस ठरविण्याची चर्चा घरात अशुभ मानली जाते, त्यामुळे ती टळते. चांगदेवांच्या गावाला तरी हे अवघड जाऊ नये. चौदाशे वर्षांच्या तपाचा अधिकार मिरविणाऱ्या या योग्याने लहानग्या मुक्ताईला गुरू मानले, असे परंपरा सांगते. वयाने आणि मानाने मोठ्या असलेल्याने लहानाचे ऐकणे येथे तरी कमीपणाचे ठरलेले नाही. व्यवसायापुरते बोलायचे तर, दुकानाची संगणकीय बिले करणारी मुलगी किंवा सून ही त्या व्यवसायाची घडण मालकाखालोखाल जाणत असते. तिला वगळून दूरच्या शहरात नोकरी करणाऱ्या मुलाच्या परतण्याची वाट पाहणारी घरे गावोगाव आहेत.

आरंभ कोठून करावा

पकड सैल करणे म्हणजे चाव्या दुसऱ्याच्या हाती देऊन निघून जाणे नव्हे. तारापूरच्या अनुभवाप्रमाणे पहिले पाऊल नोंदीचे. घराचे आणि दुकानाचे बँक खाते वेगळे करावे आणि मालकानेही दरमहा ठरावीक रक्कम वेतन म्हणूनच उचलावी. आलेला माल, वापरलेला माल आणि शिल्लक यांची वही रोज लिहिली जावी आणि ती मालकाखेरीज दुसऱ्याने लिहावी. उधारीची यादी महिन्यातून एकदा मोठ्याने वाचली जावी. यासाठी महागड्या संगणक-प्रणालीची आवश्यकता नाही, रेघा मारलेली वहीही चालते.

त्यानंतर मर्यादित अधिकार द्यावेत. अमुक रुपयांपर्यंतची खरेदी कामाच्या मुकादमाने स्वतःच्या निर्णयाने करावी, तमुक टक्क्यांपर्यंत सूट विक्री पाहणाऱ्याने द्यावी, त्यापलीकडचे मालकाला विचारावे. रक्कम आरंभी लहान ठेवावी आणि तीन महिन्यांनी नोंदी पाहून वाढवावी. चूक होईलच. एखाद्या वेळी पत्रा महाग घेतला जाईल किंवा सूट अनावश्यक दिली जाईल. त्या चुकीची किंमत आणि वर उदाहरणात दाखविलेली महिन्याची ९,००० रुपयांची बसून राहिलेली मजुरी शेजारी शेजारी मांडून पाहावी.

यानंतर मालकाने हंगाम नसताना चार दिवस मुद्दाम दुकानापासून दूर राहावे. वारीला जावे किंवा लेकीच्या घरी जावे. दूरध्वनी बंद ठेवू नये, मात्र प्रत्येक वेळी दुकानातून काय विचारण्यात आले ते एका कागदावर टिपावे. चार दिवसांत समजा वीस प्रश्न आले. त्यांतले दहा-बारा एकाच प्रकारचे निघतात, बहुधा किंमत सांगण्याविषयीचे. परत आल्यावर दरपत्रक लिहून भिंतीवर लावले की पुढच्या खेपेस तेवढे दूरध्वनी येत नाहीत. उरलेल्या आठांपैकी कोणते मुकादमाकडे आणि कोणते घरातल्या माणसाकडे सोपवायचे, हे त्या कागदावरूनच ठरवता येते.